कॅनडाचा चाइल्ड बेनिफिट: दोन वर्षं घेतल्यानंतर माझा अनुभव, आणि ते शून्याचं रिटर्न

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. कॅनडात आल्यापासून ज्या काही सरकारी गोष्टींशी संबंध आला त्यात मला सगळ्यात भावलेली ही, आणि तरीही आपल्याकडून नवीन आलेल्या कितीतरी घरांत हे पैसे अडकतात किंवा मागितलेच जात नाहीत, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

तर ही योजना जुलै २०१६ पासून आहे, आधीच्या दोन-तीन वेगवेगळ्या योजना गुंडाळून ही एक केली. अठराच्या आतल्या मुलांसाठी दर महिन्याला पैसे येतात, साधारण २० तारखेच्या आसपास, त्यावर टॅक्स नाही. गंमत म्हणजे हे पैसे समाजकल्याण वगैरे खात्याकडून नाही तर टॅक्सवाल्यांकडून येतात, म्हणजे कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी, सगळे सीआरए म्हणतात. जे ऑफिस टॅक्स घेतं तेच पैसे देतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं, आणि फोनवर आईला सांगितलं तर ती दोनदा म्हणाली नीट विचार गं, नंतर परत मागतील.

आता आकडे. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी सहा वर्षांखालच्या मुलाला जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर वर्षाला, म्हणजे महिन्याला ६६६.४१, आणि ६ ते १७ वयाला ६,७४८, म्हणजे महिन्याला ५६२.३३. हे पूर्ण पैसे मिळायला नवरा-बायको दोघांचं मिळून निव्वळ उत्पन्न ३७,४८७ च्या आत पाहिजे, त्यावर गेलं की हळूहळू कापत जातात, एकदम बंद करत नाहीत. उदाहरण देते, दोन मुलं, एक सहाच्या आत एक वर, आणि उत्पन्न ६०,०००, तर ३७,४८७ च्या वर जेवढं उत्पन्न आहे त्याच्या १३.५ टक्के कापून महिन्याला ९७५ च्या आसपास बसतात. ही लहान रक्कम नाही हो! घरभाड्याचा मोठा हिस्सा निघतो त्यात.

आम्ही ऑक्टोबर २०२३ मध्ये पीआरवर, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यावर, आलो. या पैशांसाठी भरायचा आरसी६६ नावाचा फॉर्म आणि त्याच्यासोबत नवीन आलेल्यांसाठीची पुरवणी, त्यात इथे यायच्या आधीच्या वर्षांचं उत्पन्न विचारतात, तिकडचा पगारसुद्धा, डॉलरमध्ये करून लिहायचा. बरेच जण इथेच चुकतात, त्यांना वाटतं भारतातली कमाई ती काय यांना सांगायची, पण जगभरातलं उत्पन्न धरतात ते, तेव्हा लपवू नका, आणि खरं सांगायचं तर रुपयांचे डॉलर केले की आकडा इतका बारका होतो की पहिल्या वर्षी फायदाच होतो. मुलांचे जन्मदाखले, पीआरची कागदपत्रं, भाड्याचा करार असं सगळं जोडलं. पहिली रक्कम आली ती मागच्या महिन्यांचे पैसे धरून एकत्र आली.

आणि ती माझ्या खात्यात आली. आईवडील एका घरात राहत असतील तर मुलांचं बघणारी मुख्य व्यक्ती आई असं ते गृहीत धरतात, अर्ज तिच्या नावाने, पैसे तिच्या नावाने. मी तिकडची अकरा वर्षांची नोकरी सोडून आले होते, इथे सहा महिने स्वतःचा एक डॉलर कमावला नव्हता, भाजी आणायलासुद्धा नवऱ्याचं कार्ड. त्याने कधी चकार शब्द काढला नाही, पण आपल्याला आतून वाटतंच ना. त्या दिवशी खात्यात आपल्या नावाने पैसे दिसले तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मुलीचे स्नोबूट त्या पैशातून घेतले, कुणाला न विचारता. कशावर खर्च केले याचा हिशोब कुणी मागत नाही, बिलं द्यायची नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आईवर विश्वास ठेवलाय कुणीतरी.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसले. हे पैसे चालू राहायला दरवर्षी दोघांनीही रिटर्न भरावं लागतं. दोघांनी. कमाई शून्य असली तरी. पहिल्या वर्षी आम्ही दोघांचं भरलं होतं म्हणून काही झालं नाही. २०२४ चं रिटर्न आम्ही एका टॅक्सवाल्याकडून करून घेतलं, त्याने नवऱ्याचं केलं आणि म्हणाला वहिनींची कमाई नाही, त्यांचं कशाला, फुकट फी लागेल. आम्ही म्हटलं बरं. १८ जुलै २०२५ ला जुलैचा हप्ता यायचा होता तो आलाच नाही. दोन दिवस वाटलं बँकेत अडकला असेल, मग माय अकाउंट, म्हणजे सीआरएच्या वेबसाइटवरचं आपलं खातं, उघडून बघितलं तर कारण स्वच्छ लिहिलेलं, माझं रिटर्न नाही म्हणून नवीन वर्षाचा हिशोब करता येत नाही. जुलैपासून नवं वर्ष धरतात आणि ते मागच्या वर्षीच्या रिटर्नवर ठरतं, म्हणून एप्रिलमध्ये रिटर्न भरताना झालेली चूक जुलैत कळते, हे डोक्यात पक्कं बसवा.

मी त्याच रात्री फुकटच्या सॉफ्टवेअरवर बसून सगळीकडे शून्य भरून रिटर्न पाठवलं, पाऊण तास लागला असेल, त्यातला अर्धा वेळ पासवर्ड शोधण्यात. ते असेस झालं, म्हणजे सीआरएने तपासून हिशोब पूर्ण केला, आणि थांबलेले पैसे मागच्या तारखेपासून सगळे जमा झाले, एक डॉलर कमी नाही. ज्यांना स्वतः करायची भीती वाटते त्यांच्यासाठी कमी उत्पन्नवाल्यांची रिटर्न फुकट भरून देणारी स्वयंसेवकांची शिबिरं असतात, सीआरएच्याच कार्यक्रमाखाली, लायब्ररीत चौकशी करा.

अर्धा मार्क कशाचा कापला तर हिशोब मागच्या वर्षाचा असतो याचा. यंदा घरात कुणाची नोकरी गेली तर गरज आज असते, पण रक्कम वाढणार ती पुढच्या जुलैत. ज्या घराला सगळ्यात जास्त लागतात त्यालाच थांबावं लागतं, हे मला पटत नाही. आणि वर्क परमिट किंवा स्टडी परमिटवर आलेल्यांना आधी १८ महिने कॅनडात काढावे लागतात, एकोणिसाव्या महिन्यात परमिट चालू असेल तर पात्र. त्यांची मुलं त्या दीड वर्षात जेवत नाहीत का?

फोनवर विचारणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्या ऑडिटर जनरलने, म्हणजे सरकारी कारभार तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, सीआरएच्या कॉल सेंटरवर रिपोर्ट दिला, लोकांना ताटकळावं लागतं आणि उत्तरं बऱ्याचदा चुकीची मिळतात असा. म्हणून मी माय अकाउंटवर लिहिलेलं असतं तेच खरं धरते. पहिलं रिटर्न असेस झालं की ते उघडता येतं, डायरेक्ट डिपॉझिट तिथेच लावा, पत्ता बदलला की लगेच टाका. लग्न, घटस्फोट, वेगळं राहणं हेसुद्धा पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत कळवायचं असतं, नाहीतर जास्तीचे गेलेले पैसे नंतर कापून घेतात. आईची भीती अगदीच खोटी नव्हती म्हणायची. आणि तुमचे पैसे ई-ट्रान्सफरने पाठवलेत, लिंक दाबा असा मेसेज आला तर तो फसवणारा, सीआरए असे पैसे पाठवतच नाही.

इथेच बाळ जन्मलं तर फॉर्मसुद्धा भरावा लागत नाही, जन्माची नोंद करताना संमतीची खूण केली की माहिती आपोआप जाते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताईंनी तसंच केलं. त्यांना फक्त एवढंच सांगून आले की तुमचं रिटर्न तुम्ही भरा, आणि फेब्रुवारीत आम्ही दोघी माझ्या डायनिंग टेबलावर बसून भरणार आहोत, बाळ झोपलं की.