व्हॉल्व्ह ॲम्पचा पॉवर सप्लाय: आठ महिन्यांनंतर

ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हच्या सिंगल-एंडेड स्टिरिओ ॲम्पसाठी हा सप्लायचा किट घेतला, त्याला आठ महिने झाले. ३५०-०-३५० चा ट्रान्सफॉर्मर (मधल्या सेंटर टॅपपासून दोन्हीकडे ३५० व्होल्ट एसी), ५यू४जी रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह), १० हेन्रीचा चोक (डीसीतली लाट दाबणारी कॉइल). ट्रान्सफॉर्मर झकास, तासन्‌तास वाजवूनही फार तापत नाही. चोकबद्दलही तक्रार नाही. तक्रार कॅपॅसिटरची, आणि ती तिसऱ्या महिन्यात लक्षात आली.

किटमध्ये ४५० व्होल्टपर्यंत सोसणारे कॅपॅसिटर होते. ॲम्प वाजत असताना मीटर ४०५ दाखवायचा, म्हणून मी निर्धास्त. एकदा मीटर आधी जोडून ठेवला आणि मग स्विच दाबला. आकडा थेट ४८० च्या पुढे! दहा-पंधरा सेकंद तिथेच रेंगाळला, मग उतरला. ५यू४जी ची फिलामेंट हीच तिची कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग), त्यामुळे ती चटकन तयार होते. ईएल३४ ची कॅथोड आतल्या हीटरने तापते, तिला वेळ लागतो. तोवर करंट ओढणारं कुणीच नसतं आणि कॅपॅसिटर ३५० व्होल्ट एसीच्या शिखराकडे, म्हणजे १.४१ पट, ४९५ कडे, भरत जातो. रोज हा मार खाऊन तीन महिने टिकले बिचारे.

आता पहिल्या कॅपॅसिटरच्या जागी १०० मायक्रोफॅरॅड, ३५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये आहेत, प्रत्येकावर २२० किलोओहमचा रेझिस्टर. व्होल्टेज सारखं वाटलं जातं आणि बंद केल्यावर चार्जही उतरतो. (तरी मीटर लावल्याशिवाय आत हात घालत नाही.) चोकनंतरचाही तसाच बदलला. रेक्टिफायर जीझेड३४ लावला: बेस तोच, हीटरला ३ ऐवजी १.९ अँपिअर, आणि तापतो सावकाश. पहिला कॅपॅसिटर ६० मायक्रोफॅरॅडच्या आत ठेवावा लागतो, इथे सिरीजमध्ये ५० होतात. व्होल्टेज ४३० झालं, बायस (ईएल३४ चा विश्रामी करंट) पुन्हा लावला.

राहिली स्पीकरमधली गुणगुण. १०० हर्ट्झची, म्हणजे ५० हर्ट्झ मेन्सच्या दुप्पट, रेक्टिफायरनंतरच्या लाटेची; म्हणून मी फिल्टरला (चोक आणि कॅपॅसिटर) दोष देत बसलो. दोष होता अर्थिंगचा: ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपची वायर आणि इनपुटचं ग्राउंड चॅसिसच्या एकाच बोल्टवर. कॅपॅसिटर भरतानाचे करंटचे झटके त्याच वाटेने परतायचे. ती वायर सोडवून थेट पहिल्या कॅपॅसिटरच्या निगेटिव्हला नेली आणि स्पीकर गप्प झाला. किटच्या आकृतीत मात्र सगळीकडे ग्राउंडचं एकच चिन्ह, कोणतं कुठे जोडायचं याचा पत्ता नाही.

ट्रान्सफॉर्मर आणि चोक सुटे मिळत असतील, तर तेवढेच घ्या.