झ्युरिकचे फिफा संग्रहालय: चषक पाहावा, भाडेकरारही वाचावा

झ्युरिकच्या एंगे रेल्वे स्थानकाशेजारी फिफाचे, म्हणजे जागतिक फुटबॉलच्या सर्वोच्च संस्थेचे, फुटबॉल संग्रहालय आहे. आत शिरताच सर्व २११ सदस्य संघटनांच्या जर्सी रंगांच्या क्रमाने मांडलेल्या दिसतात आणि निळ्या रांगेत भारताची जर्सी शोधल्याशिवाय आपला पाय पुढे निघत नाही. मांडणी देखणी आहे, यात शंका नाही. माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे झ्यूल रिमे चषकाची, म्हणजे फुटबॉलच्या मूळ विश्वचषकाची, जुनी बैठक. निळ्या लाजवर्दी दगडाच्या या बैठकीवर पहिल्या चार स्पर्धांच्या विजेत्यांची नावे आहेत. मूळ चषक १९८३ मध्ये रिओत चोरीला गेला तो गेलाच. बैठक मात्र फिफाच्याच दफ्तरखान्यात २०१५ मध्ये सापडली. मुलांचा वेळ वरच्या मजल्यावरील खेळांत मजेत जातो.

तरीही जाणत्या प्रेक्षकाने खुद्द इमारतीकडेच निरखून पाहावे. फिफाचे तत्कालीन अध्यक्ष सेप ब्लाटर यांच्या कारकिर्दीत हा प्रकल्प आकाराला आला आणि जियानी इन्फँटिनो अध्यक्षपदी निवडून आल्यानंतर दोनच दिवसांनी, २८ फेब्रुवारी २०१६ रोजी, तो खुला झाला. डिसेंबर २०२० मध्ये फिफानेच आपल्या माजी धुरिणांविरुद्ध फौजदारी तक्रार दाखल केली. स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या वास्तूच्या नूतनीकरणावर १४ कोटी स्विस फ्रँक खर्च करून, वर २०४५ पर्यंतच्या भाडेकरारापोटी आणखी ३६ कोटींचा बोजा संस्थेने का उचलला, असा तिचा सवाल होता. ब्लाटर यांनी आरोप फेटाळले. या भाडेकराराचे दालन आत नाही, हे सांगायला नकोच.

येथून पायी जाण्याच्या अंतरावर, सरोवराकाठी, बाउर ओ लाक हे आलिशान हॉटेल आहे. २७ मे २०१५ च्या पहाटे तेथून फुटबॉलचे सात पदाधिकारी अटकेत गेले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी छायाचित्रकारांपुढे चादरी धरल्या होत्या. अमेरिकी आरोपपत्रानुसार विपणन कंपन्या स्पर्धांचे प्रक्षेपण व प्रायोजकत्वाचे हक्क मिळवण्यासाठी पदाधिकाऱ्यांना लाच देत होत्या आणि ही रक्कम १५ कोटी डॉलरहून अधिक होती. या अटकांनंतर दोनच दिवसांनी फिफाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ब्लाटर १३३ विरुद्ध ७३ मतांनी पुन्हा आघाडीवर राहिले. प्रतिस्पर्ध्याने माघार घेतल्याने ते अध्यक्ष झाले खरे, पण चारच दिवसांत त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली.

हे मतदान समजून घ्यायचे, तर पुन्हा जर्सींच्या त्या रांगेसमोरच उभे राहावे. मॉन्टसेराट या चिमुकल्या कॅरिबियन बेटालाही एक मत आणि भारतालाही एकच. समानतेचे हे तत्त्व मला तत्त्व म्हणून मान्य आहे. परंतु विकासनिधी वाटणारे मुख्यालय आणि मते देणाऱ्या संघटना यांचे हितसंबंध त्यातून किती घट्ट बांधले जातात, हेही नजरेआड करता येत नाही. २०२३ ते २०२६ या काळात प्रत्येक संघटनेला ८० लाख डॉलरपर्यंत निधी मिळू शकतो. दुसरीकडे, ऑगस्ट २०२२ मध्ये बाह्य हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले, तेव्हा नवी मुंबई आणि गोव्यात सामने ठरलेली मुलींची १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धाही काही दिवस टांगणीला लागली होती.

खेळावर जीव असणाऱ्याने हे संग्रहालय अवश्य पाहावे. अर्धा दिवस हाताशी ठेवावा आणि सरोवराकाठच्या त्या हॉटेलपर्यंतची चालही त्यातच धरावी.