पेन्सिलीचं सॅच्युरेशन ९७

आम्ही दोघंही शिकलेले, आणि घरात कुणी बुवाबाजीचा विषय काढला की हसणाऱ्यातले. हे आधीच सांगून टाकते, कारण "असल्या गोष्टींना भुलतात तरी कोण?" असं मीही म्हणायचे. भुललो आम्ही, आणि चांगले तीन महिने भुललेलो होतो.

लेक जन्मली तेव्हा गुलाबी, गोंडस होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आला, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली आणि 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' हे नाव आमच्या घरात आलं. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून समजावलं: खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, फुफ्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी नेमकी त्या छिद्रावर येऊन बसलेली आणि जोर लावून लावून उजवा कप्पा जाड झालेला. साधारण सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया करू, तोवर निळेपणाचे झटके टाळणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध चुकवू नका, आणि बाळ एकदम निळं पडलं तर गुडघे छातीशी दुमडून धरा आणि लगेच घेऊन या, असं त्यांनी दोनदा बजावलं. धोका किती, असं विचारल्यावर म्हणाले, "कमी आहे. पण नाहीच, असं मी म्हणणार नाही."

ते 'नाहीच असं म्हणणार नाही' माझ्या डोक्यात रुतून बसलं. रात्री लेकीला मांडीवर घेऊन मी वाचत बसायचे. फॅलो यांनी या विकाराचं वर्णन १८८८ साली केलं, आणि अशा निळ्या बाळाच्या फुफ्फुसांकडे जादा रक्त वळवणारी पहिली शस्त्रक्रिया १९४४ साली झाली, हे सगळं मला पाठ होतं. पण तपासणीच्या रांगेत शेजारी येऊन बसलेल्या माणसाला "तुम्ही नक्की कोण?" एवढं विचारायचं काही सुचलं नाही.

इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. पहिला प्रश्न, "ताई, किती मिलिमीटरचं आहे?" त्या एका प्रश्नाने मी त्याच्यावर विश्वास टाकला. नातेवाईक "काळजी करू नको" म्हणतात, हा मिलिमीटर विचारत होता! फाइलमधून त्याने एका बाळाचे दोन इको रिपोर्ट काढले. पहिल्यात चार मिलिमीटरचं छिद्र, आठ महिन्यांनंतरच्या रिपोर्टात छिद्र नाही. नावावर अंगठा ठेवलेला होता. मला वाटलं, काय हा सभ्यपणा.

ते रिपोर्ट खोटे नसतीलही, आणि खरी मेख तिथेच आहे. पडद्याची लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, कुठल्याही औषधाशिवाय. निसर्ग जे फुकट करतो, त्याचं श्रेय हा माणूस बाटलीत भरून विकत होता. फॅलोमधलं छिद्र त्या जातीचं नसतं. तिथे पडद्याचा एक भागच जागेवरून सरकलेला असतो, त्यामुळे ते मोठं असतं आणि त्याच्या आपोआप बुजण्यावर भरवसा ठेवता येत नाही. बरं, बुजलं असतं तरी भलतंच संकट ओढवलं असतं: पुढची वाट अरुंद असताना अडलेल्या रक्ताला तीच एक पळवाट असते. पण 'हृदयाला भोक' या दोन शब्दांत सगळी बाळं सारखीच दिसतात, आणि त्याचा धंदा त्या दोन शब्दांवरच चालला होता.

भोक बुजवायचं म्हणून त्याने दिलेल्या 'किट'मध्ये थेंबांच्या बाटल्या आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर होता. पैसे तीन हप्त्यांत, तेही रोख. (शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवलेल्यातलेच. दुसरे होतेच कुठे?) अटी मात्र एकेक करून बाहेर आल्या. आधी म्हणाला, हॉस्पिटलच्या औषधाने नाडी दाबली जाते, हळूहळू कमी करा. मग म्हणाला, इकोच्या लहरींनी बुजत आलेलं भोक उलतं, तीन महिने इको नको. शेवटी म्हणाला, डॉक्टरांना सांगू नका, त्यांना कापण्यातच रस असतो. हे सगळं पहिल्याच दिवशी बोलला असता तर आम्ही उठून गेलो असतो.

त्या संध्याकाळी ऑक्सिमीटर लेकीच्या पायाच्या अंगठ्याला लावला. हॉस्पिटलमध्ये तिचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, ८० ते ८२ असायचं. इथे आकडा आला ९६. आम्ही दोघं रडलो. नखं तशीच जांभळट होती, पण तो म्हणाला, "नखांचा रंग सगळ्यात शेवटी जातो." तान्ह्या बाळाला पायाभोवती गुंडाळायचा पट्टीसारखा सेन्सर लावतात, हे मी हॉस्पिटलमध्ये प्रत्येक वेळी पाहिलेलं. मोठ्या माणसाच्या बोटासाठी केलेली क्लिप त्या चिमुकल्या अंगठ्यावर लोंबकळत असूनही मला खटकली नाही. हवा तो आकडा दिसत होता ना.

महिन्याभराने तो घरी आला, स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि हसला. "आवाज मंदावलाय. भोक बुजतंय." मर्मर खरंच मंदावला होता, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. पण फॅलोमध्ये तो आवाज मुख्यतः अरुंद वाटेतून घुसणाऱ्या रक्ताचा असतो. तो कमी होतो, कारण त्या वाटेने जाणारं रक्तच कमी होतं. म्हणजे ज्याचे आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो, ती धोक्याची खूण होती.

मग ती सकाळ. भूक लागली म्हणून रडली, एवढंच. रडता रडता ओठ जांभळे, मग जवळजवळ काळे. श्वास भराभर, आणि मग मान माझ्या दंडावर सैल पडली. मी गुडघे तिच्या छातीशी दुमडून धरले. डॉक्टरांचं तेवढं एक हाताला आठवलं. त्याने पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि थोडं जास्त रक्त फुफ्फुसांकडे वळतं. नवऱ्याने घाबरून ऑक्सिमीटर लावला. काळ्यानिळ्या अंगठ्यावर तो हिरवा आकडा लुकलुकत होता: ९७.

हॉस्पिटलच्या मॉनिटरवर ४८ दिसला. ऑक्सिजन, सलाइन, इंजेक्शनं. डॉक्टरांनी "प्रोप्रॅनोलॉल?" एवढंच विचारलं, आणि मी सगळं ओकून टाकलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रात्री वॉर्डाबाहेर नवऱ्याने ते यंत्र स्वतःच्या बोटाला लावलं: ९७. मग फाइलच्या पुठ्ठ्याला: ९६. मग खिशातल्या पेन्सिलीला. पेन्सिलीचं सॅच्युरेशन ९७, नाडी ७८. खरं यंत्र लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून पाठवून रक्त तो किती शोषतं ते मोजतं. आमच्या डबीला रक्ताची गरजच नव्हती.

फोन अर्थातच बंद. पावतीवर औषधाचं नाव नाही, 'सल्ला व देणगी' असं लिहिलेलं. बाटलीवर उत्पादक नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. तक्रार दिली आहे, पण हातात पुरावा म्हणून एवढंच. पैसे परत येतील असं वाटत नाही. मला राग येतो तो तीन महिन्यांचा. कुणी तुमच्या बाळाचं चालू औषध परस्पर बंद करायला सांगत असेल, किंवा काही डॉक्टरांपासून लपवायला सांगत असेल, तर बाकी काही तपासत बसू नका, तिथेच उठा. दुसरं मत हवं असेल तर बालहृदयरोग पाहणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. आमच्या डॉक्टरांना नंतर विचारलं, तर ते म्हणाले, "मीच नाव सुचवलं असतं." मी विचारलंच नव्हतं.

लेकीची शस्त्रक्रिया उशिरा, अकराव्या महिन्यात झाली. छिद्रावर पॅच लावला, वाट रुंद केली. झडप थोडी गळते, त्यावर जन्मभर लक्ष ठेवावं लागणार आहे. आता ती रडते तेव्हा लाल होते, आणि मी वेड्यासारखी बघत राहते.

घरी नवा ऑक्सिमीटर आहे, या वेळी डॉक्टरांनी सांगितलेला, लहान मुलांचा. लावण्याआधी मी अजूनही त्यात पेन्सिल घालून बघते. दोन आडव्या रेघा दिसल्या की मग तिचा पाय हातात घेते.