बारशाची वाटी: काशाची की चांदीची?

"का भो, भाचीला वाटी काशाची देऊ का चांदीची?" जळगावच्या सराफ बाजारातून मित्राचा फोन. त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

भांड्यांच्या काशात साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील असतं. '925' चांदीत, म्हणजे हजारात 925 भाग चांदी असलेल्या धातूत, साडेसात टक्के भेसळ, तीही बहुधा तांब्याचीच. तांबं दोन्हीकडे आहे. फरक पडतो तो सोबतीचा.

कथील तांब्यात मुरतं आणि एवढ्या प्रमाणात घातलं की कडक, ठिसूळ संयुगं तयार होतात. म्हणून काशावर चरे लवकर पडत नाहीत आणि टिचकी मारली की नाद घुमत राहतो. पण तेच फरशीवर पडलं की तडकतं. मावशीचं ताट असंच गेलं. घासताना हातातून निसटलं आणि काठापासून मध्यापर्यंत केसासारखी रेघ उमटली. कासाराने वाजवून पाहिलं, आवाज बद्द आला. "मोडीत घाला," म्हणाला आणि ताट परत दिलं.

चांदी आणि तांबं सावकाश थंड होताना एकमेकांपासून बरीचशी वेगळी होतात. चांदीला कडकपणा येतो, पण लवचीकपणा जात नाही. वाटी पडली तर पोचा येईल, तो सोनार ठोकून काढेल. निव्वळ चांदी मात्र फार मऊ, ती नको. राणीछाप रुपयातही बारातले अकराच भाग चांदी होती, आणि तो किती हातांतून फिरला! (1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच. आजीची रुपयांची माळ मोडायला नेणार असाल तर आधी साल बघा.)

चांदीतून उष्णता झटकन जाते. गरम खीर ओतली की वाटी धरणाऱ्याला लगेच चटका बसतो. कासं त्या मानाने फार सावकाश तापतं.

डागांचं म्हणाल तर गंधक हा चांदीचा वैरी. आपल्या भरताबरोबरची कांद्याची पात, लसूण, अंडं, सगळ्यांनी ती काळी पडते. काशाला आंबट चालत नाही, ताक-चिंच त्यात ठेवू नये.

त्याच मापाची चांदीची वाटी वजनाला सुमारे पंचमांश जास्त भरते आणि पैसे तर कितीतरी पट. पण उद्या विकायची झाली तर चांदीला दिवसाचा भाव मिळतो, काशाला मोडीचा.

माझं मत: बाळ वाटी आपटणारच, म्हणून त्याला 925 चांदी, शिक्का बघून. रोजच्या जेवणाचं ताट घ्यायचं असेल तर मी कासंच घेईन. घेताना ते बोटांच्या टोकांवर तोलून टिचकी मारा, नाद लगेच विरला तर ठेवून द्या. आणि कुणी 'जर्मन सिल्व्हर' पुढे केलं तर लक्षात असू द्या, त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदी औषधालाही नसते.