टेस्टिंग मेन्यू घ्यावा की आ ला कार्ट?

महागड्या रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा जाताय आणि यावर अडलाय, तर "शेफचा प्रवास" वगैरे वर्णनं बाजूला ठेवा. टेस्टिंग मेन्यू म्हणजे शेफनेच ठरवलेल्या छोट्या छोट्या डिश एकामागून एक, ठरलेल्या किमतीत; आ ला कार्ट म्हणजे मेन्यूतून आपल्याला हवं ते एकेक मागवायचं.

खर्चाचं आधी. टेस्टिंगमध्ये आकडा आधीच कळतो, पण ड्रिंक्सच्या पेअरिंगचे, म्हणजे प्रत्येक डिशसोबत जुळणाऱ्या ड्रिंकचे, पैसे बहुतेकदा वेगळे असतात आणि त्यानेच बिल फुगतं, म्हणून बुकिंग करतानाच विचारा. आ ला कार्टमध्ये हात आखडता घेता येतो, नाहीतर साइड डिश मागवता मागवता तेवढेच पैसे जातात.

खरा फरक मला चवीत वाटतो. अशा ठिकाणी सगळंच जमून येतं असं नाही, दोन डिश अफलातून, एखादी नुसतीच दिसायला छान. टेस्टिंगमध्ये फसलेली डिश दोन-तीन घासात संपते आणि पुढची येते, पण आ ला कार्टमध्ये मेन कोर्सच फसला तर अख्खी संध्याकाळ गेली की हो! उलट एखादी डिश खूप आवडली तर टेस्टिंगमध्ये ती पोटभर मिळत नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

वेळ? टेस्टिंगला दोन-तीन तास सहज जातात, शिवाय बऱ्याच ठिकाणी पूर्ण टेबलाने तेच घ्यावं लागतं. ॲलर्जी किंवा पथ्य असेल तर आधी कळवा, ऐनवेळी किचनला बदल जमेलच असं नाही.

दोघंच असाल, निवांत असाल, नवीन चाखायची हौस असेल तर टेस्टिंगच घ्या. लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा ठरावीकच खाणारे सोबत असतील तर सरळ आ ला कार्ट.