सासू-सासऱ्यांना घेऊन मेडिटरेनियन क्रूझ: सहा-सात महिन्यांनंतरचा अनुभव

परत येऊन आता सहा-सात महिने झाले. आल्या आल्या लिहिलं असतं तर सगळंच भारी वाटलं असतं, आता क्रेडिट कार्डाची बिलं भरून झालीत, फोटो नातेवाइकांना दाखवून झालेत आणि नेमकं काय आवडलं, कशाचे पैसे वसूल झाले हे जरा शांतपणे सांगता येतं. शिवाय ओळखीतले बरेच जण आई-वडिलांना घेऊन क्रूझला जायचं म्हणून विचारतात, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

आमची क्रूझ जेनोआहून निघून परत जेनोआलाच येणारी, सात रात्रींची. मध्ये चिविताव्हेक्किया, पालेर्मो, माल्टातलं व्हॅलेटा, मग एक दिवस नुसता समुद्र, नंतर बार्सिलोना आणि मार्सेलिस. सगळी बंदरं शेंगेनमध्ये येतात त्यामुळे एका व्हिसावर काम झालं. मुंबईहून मिलानला विमान आणि तिथून जेनोआला ट्रेन, आणि जेनोआत पियात्सा प्रिंचिपे स्टेशनवरून क्रूझ टर्मिनल इतकं जवळ आहे की बॅगा ओढत चालत गेलो, टॅक्सी केली नाही. आम्ही दोघं, मुलगा, सासू-सासरे. बाबांचे गुडघे दुखतात आणि आई पूर्ण शाकाहारी, वर एकादशी-चतुर्थी.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगते. क्रूझ बुक करताना लोक जहाज बघतात, स्विमिंग पूल किती, वॉटर स्लाइड आहे का, थिएटर कसं आहे वगैरे. ते सगळं ठीक आहे पण घरात वयस्कर माणसं असतील तर आधी बंदरं बघा, आणि बंदर ते गाव हे अंतर नकाशावर स्वतः मोजा. ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात रोम लिहिलेलं असतं पण जहाज रोमला लागत नाही, लागूच शकत नाही, ते चिविताव्हेक्कियाला लागतं आणि तिथून रोम 70-80 किलोमीटर आहे. फ्लॉरेन्स लिहिलं असेल तर जहाज लिव्होर्नोला उभं असतं, तिथून फ्लॉरेन्स 90 किलोमीटर. पॅरिस म्हणजे ल आव्र आणि बर्लिन म्हणजे वार्नेम्युंडे, दोन्हीकडून शहर 200 किलोमीटर किंवा त्याच्याही पुढे. सकाळी जहाज लागणार, संध्याकाळी सुटणार आणि सुटायच्या अर्धा तास तरी आधी सगळ्यांनी आत असायला हवं, मग त्या दिवसातून येण्याजाण्याचे तीन-चार तास वजा केले की हातात काय उरतं ते बघा.

रोमला आम्ही जहाजाची टूर न घेता लोकल ट्रेनने गेलो. बंदरातून बसने बाहेर, मग स्टेशन, आणि दिवसभराचा बिर्ग नावाचा पास काढला त्यात ट्रेन, रोमची मेट्रो आणि बस सगळं येतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, टर्मिनीपर्यंत, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत, जायची गरज नाही, रोमा सान पिएत्रो स्टेशनवर उतरलं की व्हॅटिकन चालत दहा-पंधरा मिनिटांवर. बाबांसाठी आम्ही तेवढंच केलं, सेंट पीटर्सचा चौक, जेवण, थोडं इकडेतिकडे, आणि परत. कलोसियम सोडून दिलं. कुणाला पटणार नाही पण एका दिवसात रोम उरकायचं म्हणून सत्तरीच्या माणसाला उन्हात पळवायचं हे मला मान्य नाही. आणि हो, स्वतःहून गेलात तर उशीर झाल्यावर जहाज थांबत नाही, जहाजाच्या टूरवर असाल तर थांबतं. टूर महाग का असते त्याचं अर्धं उत्तर यातच आहे. त्यामुळे ट्रेनने जायचं तर परतीची शेवटून तिसरी-चौथी गाडी धरायची.

याच्या उलट पालेर्मो आणि व्हॅलेटा! पालेर्मोला जहाजातून उतरलं, गेटबाहेर आलं की गावच सुरू. बाबा स्वतःच्या पायांनी रमतगमत मासिमो थिएटरपर्यंत आले, बसले, आइस्क्रीम खाल्लं. आम्ही तिघं बल्लारोच्या बाजारात गेलो आणि तिथे मला पानेल्ले सापडले. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करतात, त्यात थोडी पार्सली, मग थापून गार करून वड्या पाडतात आणि कढईत तळतात. म्हणजे आपल्या पाटवडीची तळलेली बहीणच की! तीळ लावलेल्या पावात भरून वर लिंबू पिळून देतात. आईंसाठी बांधून आणलं, त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "यात हिंग नाही, ओवा नाही, पण बेसन चांगलं शिजवलंय." आईंकडून बाहेरच्या खाण्याला एवढं म्हणजे खूप झालं.

व्हॅलेटासाठी सांगते, त्या दिवशी झोपू नका. जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरतं तेव्हा वरच्या डेकवर असायलाच हवं. दोन्ही बाजूंनी पिवळसर दगडाचे किल्ले, तटबंदी, घुमट, आणि जहाज त्यांच्या इतक्या जवळून हळूहळू आत जातं की तटाचे दगड मोजावेत. हे गाव तुर्कांच्या 1565 च्या वेढ्यानंतर सेंट जॉनच्या नाइट्सनी, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाने वसवलं, तट असे का हे बघितल्यावर आपोआप कळतं. धक्क्यावरून वर गावात जायला चढ आहे पण थोडं चालून गेलं की बराक्का लिफ्ट आहे, 58 मीटर उंच, थेट वरच्या बागेत सोडते. गुडघेवाल्यांसाठी याहून चांगली सोय मी अख्ख्या ट्रिपमध्ये बघितली नाही. दुपारी बाराला तिथे तोफ उडवतात, मुलगा त्यावर जाम खूश. सेंट जॉन्स चर्चमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं 1608 मधलं मोठं चित्र आहे, नवरा त्यासमोर बराच वेळ उभा होता. आईंना वाटाण्याचं सारण भरलेले पास्तित्सी आवडले.

बार्सिलोनाबद्दल फार लिहीत नाही, माहिती भरपूर मिळते. साग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चचं वेळेचं तिकीट घरूनच काढा, तिथे जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. संपलं.

मार्सेलिस मात्र आमच्या घरासाठी वेगळं होतं. बाबांनी ही क्रूझ कबूल केली तीच मुळी मार्सेलिस आहे म्हणून. 8 जुलै 1910, मोरिया बोटीतून सावरकरांनी मारलेली उडी, पोहत धक्का गाठला आणि फ्रान्सच्या भूमीवर असूनही त्यांना परत इंग्रजांच्या ताब्यात दिलं, पुढे ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि 1911 मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. बाबा हे सगळं लहानपणापासून ऐकत आलेत. पहाटे जहाज बंदराकडे वळलं तेव्हा स्वेटर घालून डेकवर उभे, आणि नातवाला दाखवत होते की डेकपासून पाणी किती खाली आहे, पाणी किती गार असेल, पोर्टहोल केवढं असतं. मुलाने इतके प्रश्न विचारले, मला फार बरं वाटलं. आजचा क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून बराच लांब आहे, चालत जाण्यासारखा नाही, शटल बस घ्यावी लागते आणि त्याचे माणशी वेगळे पैसे लागतात. जहाजाच्या कंपनीने हे बुकिंगच्या वेळी कुठेच ठळकपणे सांगितलं नव्हतं, त्याचा राग आला.

आता जेवण. बफेवर पहिल्या दिवशी सगळे तुटून पडतात, पिझ्झा-पास्ता-सॅलड-फळं-केक, आणि तिसऱ्या दिवशी आपल्याकडच्या माणसांचं तोंड उतरतं. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी मोठ्या डायनिंग रूमच्या हेडवेटरला भेटून भारतीय शाकाहारी पाहिजे म्हणून सांगा, ते आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीचा मेनू दाखवतात आणि त्याप्रमाणे वेगळं करून आणतात. रोज डाळ-भात आणि एक भाजी मिळाली, कधी पनीर. तिखट आपल्यासारखं नाही पण गरम आणि मनापासून केलेलं. कडक शाकाहारी असाल तर एक माहिती, पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचं विरजणासारखं द्रव्य असतं आणि तिथे ते सूप-पास्ता-पेस्टो सगळ्यांत जातं, त्यामुळे नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, ते चीज नको असं वेगळं सांगावं लागतं. सुपाचा स्टॉक कशाचा हेही विचारा.

आमच्या टेबलाचा वेटर गोव्याचा निघाला. आई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, त्याची बॅजवरची नाव-देश पट्टी वाचून सरळ म्हणाल्या, "तू खंयचो रे?" तो हातातली ताटं तशीच धरून थांबला आणि म्हणाला, "हांव मडगांवचो, आंटी." त्यानंतर आठवडाभर यांची मालवणी आणि त्याची कोकणी असं चाललं होतं. बोटीवर काम करणारी गोव्यातली घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, याचे वडीलही जहाजावरच होते. महिनोन्‌महिने घरापासून लांब राहून रोज दोन्ही वेळा हसून वाढणारी ही पोरं, यांच्याशी नीट बोला, नाव विचारा. एकादशीला त्याने न सांगता उकडलेले बटाटे, दही आणि फळं आणून ठेवली, शेजारी वेगळ्या वाटीत मीठ-मिरपूड. राजगिऱ्याचे लाडू आम्ही नेले होतेच.

विजेची किटली नेऊ नका, जहाजावर चालत नाही, तपासणीत काढून घेतात आणि उतरताना देतात. बफेवर गरम पाणी चोवीस तास मिळत होतं, कपातला उपमा त्यात होतो. डायनिंग रूममध्ये पाण्याच्या बाटलीचेही पैसे लागतात, बफेवर मात्र नळाचं पाणी फुकट.

समुद्र लागण्याबद्दल सगळेच विचारतात. केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, हलणं कमी जाणवतं. बार्सिलोना ते मार्सेलिस या पट्ट्यात मिस्ट्रल नावाचा वारा सुटतो, त्या रात्री आमचं जहाज चांगलंच डोललं, आईंना अ‍ॅव्होमिन द्यावी लागली.

पैशांचं म्हणाल तर तिकिटावर दिसतो तो आकडा शेवटचा नसतो. दर माणशी दर रात्रीचा सर्व्हिस चार्ज, वायफाय, शटल, पाणी, फोटो, सगळं खोलीच्या खात्यावर चढतं. आणि खात्याला डेबिट कार्ड अजिबात जोडू नका. आमचं जोडलेलं होतं, तर त्यांनी अंदाजे रक्कम अडकवून ठेवली, खरं बिल वेगळं कापलं आणि अडकलेले पैसे सुटायला तीन आठवडे लागले, मेलवर मेल. क्रेडिट कार्ड द्या किंवा रोख युरो भरा.

पुढच्या वेळी एड्रियाटिकची, म्हणजे इटलीच्या पूर्वेकडच्या समुद्राची बाजू करायची म्हणतोय, मॉन्टेनेग्रोतलं कोटोर हवंच आहे कारण तिथे जुन्या गावाचा तट बंदराच्या समोरच आहे. सँटोरिनी हे ग्रीक बेट असलेला रूट आम्ही बाजूला ठेवला, तिथे छोट्या बोटीतून उतरून वर जायला केबल कारची रांग लावावी लागते, नाहीतर पायऱ्या. बाबांना ते जमणार नाही, आणि ते खाली बसून राहणार असतील तर मला वर जायचं नाही.