गाडीतला पेन ड्राइव्ह: आठ महिने वापरल्यानंतर

अंबाजोगाई ते लातूर हा माझा कामाचा रस्ता. एका डाळ मिलमध्ये हिशेबाचं काम आहे, आठवड्यातले पाच दिवस जाणं-येणं होतं. बर्दापूर, रेणापूर करत तास-सव्वा तास जातो. महिन्यातून एकदा लेकीकडे संभाजीनगरला जातो. त्या वेळी मायही सोबत असते. केज, नेकनूर, मांजरसुंबा, बीड, मग गेवराई, शहागडचा गोदावरीवरचा पूल, पाचोड, आडूळ. म्हणजे गाडीत मी बराच वेळ असतो आणि त्या वेळात काय ऐकायचं हे माझ्यासाठी महत्त्वाचं आहे.

गाडी सात वर्षं जुनी. तिच्यात कंपनीनेच बसवलेला टेप आहे, टचस्क्रीन नाही. दोन ओळींचा छोटा पडदा, रेडिओ, ब्लूटूथ आणि गिअरच्या पुढे एक यूएसबी. आधी मी फोनवरूनच गाणी लावायचो. नेकनूरच्या अलीकडे आणि मांजरसुंब्याच्या घाटात माझी रेंज जाते, गाणं अर्ध्यात थांबतं. फोन उन्हात तापतो. ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी त्या ॲपच्या बाहेर काढून पेन ड्राइव्हवर टाकता येत नाहीत, हेही तेव्हा कळलं. आणि दर थोड्या वेळानं ॲप स्वतःच्या मनानं भलतंच काहीतरी लावायचं. काकड आरती संपता संपता लग्नातलं गाणं लागलं की मायला फार लागायचं. गेल्या दसऱ्यानंतर मी पेन ड्राइव्हवर आलो, तो आजपर्यंत.

पहिला ड्राइव्ह मी बसस्टँडजवळच्या एका मोबाइलच्या दुकानातून भरून घेतला. हजारभर गाणी, एका फोल्डरमध्ये सगळी. गाणं लागलं की पडद्यावर गाण्याचं नावच दिसायचं नाही, कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता सरकत राहायचा. एकच गाणं तीन-तीन वेळा होतं. काही गाणी मधूनच तुटलेली. दोन महिन्यांत तो ड्राइव्ह मी पूर्ण पुसला आणि ठरवलं की आपलं संगीत आपणच भरायचं. घरात वडिलांच्या चाळीसेक कॅसेट होत्या, माझ्या काही सीडी होत्या, गावातल्या सप्ताहातली कीर्तनं फोनमध्ये होती आणि मावशीच्या ओव्या होत्या.

दुसरा ड्राइव्ह ६४ जीबीचा आणला. टेपला लावला तर ‘नो फाइल’. ड्राइव्ह खराब निघाला असं वाटून बदलायला निघालो होतो. दोष ड्राइव्हचा नव्हता. मोठे ड्राइव्ह बहुतेक वेळा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेले, म्हणजे फाइली ठेवायला तयार केलेले येतात आणि माझ्या टेपला फक्त फॅट३२ वाचता येतं. माझ्या संगणकावर विंडोज १० आहे, त्याच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला फॅट३२ हा पर्यायच दिसत नाही. दुसरे प्रोग्राम वापरून ते करता येतं, पण मी सरळ ३२ जीबीचा ड्राइव्ह घेतला. त्यात जागा कमी पडत नाही. १९२ केबीपीएसच्या (गाण्याच्या एका सेकंदाला किती डेटा, त्याचं हे माप) एमपीथ्रीला मिनिटाला साधारण दीड एमबी लागतो, पाच मिनिटांचं गाणं सात एमबीच्या आसपास बसतं. म्हणजे चार हजार गाणी मावतात. माझी आजची गिनती त्याच्या जवळपासही नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

मावशी, मायची थोरली बहीण, दोन वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीनं तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या म्हणून घेतल्या आणि एकेक करून मला व्हॉट्सॲपवर पाठवल्या. एकूण एकतीस तुकडे. मी ते ड्राइव्हवर टाकले तर टेपला एकही दिसेना. व्हॉट्सॲपचा आवाज ओपस नावाच्या पद्धतीत साठवलेला असतो आणि माझा टेप एमपीथ्री आणि डब्ल्यूएमए एवढंच वाजवतो. ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे, त्यात एकेक उघडून एमपीथ्री केलं. सुरुवातीची आणि शेवटची खरखर कापली. बोलण्याच्या आवाजाला मोनो (दोन्ही स्पीकरला एकच आवाज) आणि ६४ केबीपीएस पुरतं, त्यामुळे फाइलीही लहान झाल्या.

पुढच्या खेपेला मायला न सांगता केज सोडल्यावर ते फोल्डर लावलं. मावशीचा आवाज आला तशी माय एकदम ताठ बसली. दोन-तीन ओव्या झाल्या आणि म्हणाली, “अरे, पहिली ओवी देवाची असती. तू ही भावाची मधूनच कामून लावायलास?”

मी म्हटलं, “मी नाही लावली माय, टेप आपल्या मनानं लावायलाय.”

“मग त्याला सांग की. अक्का अशी कधीच म्हणायची नाही. आधी देव, मग मायबाप, मग भाऊ. नंतर सासरचं.”

घरी येऊन ड्राइव्ह संगणकाला लावला. तिथे सगळ्या ओव्या १ ते ३१ नीट ओळीत. गाडीत मात्र विस्कटलेल्या. पुढचे दोन आठवडे मी याच कोड्याच्या मागे होतो. उत्तर असं निघालं: संगणक फाइली नावाप्रमाणे लावून दाखवतो, पण ड्राइव्हवर त्या तशा नोंदलेल्या नसतात. फॅट३२ मध्ये प्रत्येक फोल्डरची एक यादी असते आणि ज्या क्रमानं फाइल कॉपी झाली त्या क्रमानं तिची नोंद होत जाते. माझा टेप ती यादी वरून खाली वाचतो, नावाकडे बघतच नाही. एखादी फाइल पुसली तर यादीतली तिची जागा रिकामी होते आणि नंतर टाकलेली नवी फाइल त्या जागेवर जाऊन बसू शकते. म्हणून शेवटी टाकलेली ओवी मध्येच वाजत होती. सगळ्या फाइली निवडून माउसनं ओढताना मी जिला धरून ओढायचो ती आधी जायची, हेही लक्षात आलं. माझ्या मेव्हण्याच्या नव्या गाडीत तोच ड्राइव्ह लावला तर नावाच्या क्रमानं वाजतो, म्हणजे हे टेपा-टेपावर आहे. आपला टेप कसा वाचतो ते चार फाइली टाकून आधी तपासून घ्यावं.

उपाय दोन आहेत. एक, ड्राइव्ह फॉरमॅट करून फोल्डर एकेक करून, योग्य क्रमानं पुन्हा कॉपी करायचे. दुसरा, ती यादीच नीट लावून देणारे छोटे प्रोग्राम आहेत. मी ड्राइव्हसॉर्ट वापरतो, लिनक्सवाल्यांसाठी फॅटसॉर्ट आहे. मी यादीही लावतो आणि नावंही क्रमानं देतो, कारण ड्राइव्ह कधी कुठल्या गाडीत जाईल सांगता येत नाही. प्रत्येक फाइलच्या नावाआधी आकडा घालतो आणि तो दोन अंकी: ०१, ०२, ०३. नुसता १, २ लिहिला तर नावाप्रमाणे वाचणारे काही टेप एकनंतर दहा वाजवतात, मग अकरा, आणि दोनचा नंबर फार उशिरा येतो. आकडे इंग्रजी लिहायचे. माझ्या पडद्यावर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात.

देवनागरी दिसत नाही याचं मला अजूनही वाईट वाटतं. गाणी आपली, ऐकणारे आपण आणि नावं मात्र इंग्रजी अक्षरांत लिहायची. त्यात स्पेलिंगची पंचाईत. सुरुवातीला विठ्ठलाला एका फोल्डरमध्ये एक टी होता, दुसऱ्यात दोन. आता एक वही केली आहे, तिच्यात प्रत्येक शब्द कसा लिहायचा ते ठरवून ठेवलंय. पडद्यावर दिसणारं नाव फाइलच्या नावावरून येत नाही, फाइलच्या आत जो टॅग, म्हणजे गाण्याच्या माहितीची चिठ्ठी असते त्यातून येतं, तेव्हा तोही बदलावा लागतो. एमपीथ्रीटॅग या प्रोग्राममध्ये पूर्ण फोल्डर एकदम बदलता येतो. दुकानातून आलेल्या गाण्यांत वेबसाइटचा पत्ता याच टॅगमध्ये बसलेला होता. कव्हरची मोठमोठी चित्रंही टॅगमधून काढून टाकली, माझ्या पडद्यावर ती दिसतही नाहीत. त्यानंतर टेप ड्राइव्ह लवकर वाचायला लागला. आधी गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबावं लागायचं, आता दहा-बारा सेकंद.

फोल्डर कसे करावेत यावर मी तीनदा मत बदललं. आधी गायकांप्रमाणे केले, मग प्रकारांप्रमाणे: अभंग, भारूड, गोंधळ, भीमगीतं, कव्वाली. घरी कपाटात ठेवायला ही पद्धत छान. गाडी चालवताना मात्र माझ्या डोक्यात गायक नसतो, वेळ असते आणि शेजारी कोण बसलंय ते असतं. म्हणून आता सात फोल्डर आहेत. ‘पहाट’ हा सगळ्यात पहिला, त्यात भूपाळ्या आणि काकड आरती, बरोबर पन्नास मिनिटांची. साडेसहाला घरून निघालो की रेणापूरच्या पुढे ती संपते. ‘परत’ हा संध्याकाळचा. ‘माय’, ‘लेक’, ‘घाट’, ‘कीर्तन’ आणि ‘वडील’. फोल्डरच्या आत फोल्डर करत नाही, माझा टेप ते सगळे एका रांगेत आणतो आणि मग शोधणं कठीण होतं. एका फोल्डरमध्ये साठाच्या वर फाइली ठेवत नाही, कारण पुढे जायला बटणच दाबत बसावं लागतं आणि रस्त्यावरची नजर हलते. या टेपला नावानं शोधायची सोय नाही, ही त्याची मोठी उणीव.

कीर्तनांचं वेगळं. दोन तासांची एकच फाइल होती. मध्ये फोन आला तर चालतं, ब्लूटूथवर बोलणं झालं की टेप त्याच जागेवर परत येतो. पण कोणी यूएसबीला फोन चार्जिंगला लावला की जागा विसरतो आणि पुन्हा ‘सुंदर ते ध्यान’पासून सुरू. पाऊण तासापर्यंत बटण दाबून पुढे नेणं चालत्या गाडीत शक्य नाही. म्हणून कीर्तनं पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत कापली, कापताना जिथे टाळकरी अभंग धरतात ती जागा बघितली. वाक्य तुटलेलं कानाला खुपतं.

वडिलांच्या कॅसेट उतरवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाला, आणि साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठ मिनिटंच लागतात. रात्री एक याप्रमाणे संक्रांत ओलांडली. उतरवलेलं सगळं आवाजाला हळू निघालं. त्याच्यामागून एखादं नवं गाणं आलं की कानठळ्या बसायच्या, हात सारखा बटणाकडे. एमपीथ्रीगेन नावाच्या प्रोग्रामनं सगळ्या फाइली ८९ डेसिबलच्या पातळीवर आणल्या. तो गाणं पुन्हा बनवत नाही, फाइलमधला आवाजाचा आकडा फक्त दीड-दीड डेसिबलच्या पायरीनं बदलतो, त्यामुळे दर्जा उतरत नाही. एवढी एक गोष्ट केली तरी प्रवास किती शांत होतो, ते करून बघा.

ऊन हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये मिलच्या आवारात गाडी दिवसभर उघड्यावर असते. साध्या पेन ड्राइव्हना साधारण साठ अंशांपर्यंत चालायची मुभा असते आणि बंद गाडीत डॅशबोर्डजवळ तेवढं तापायला लातूरचा उन्हाळा पुरतो. माझा एक ड्राइव्ह मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. दुपारी लावला तो वाचलाच नाही, संगणकानंही ओळखला नाही. सगळ्याची प्रत घरच्या संगणकावर होती म्हणून वाचलो. आता उतरताना ड्राइव्ह काढून शर्टाच्या खिशात टाकतो आणि तसाच भरलेला दुसरा घरच्या ड्रॉवरमध्ये असतो. गाडीच्या कप्प्यात ठेवू नका, तिथेही तापतं. लांब ड्राइव्हला येता-जाता गुडघा लागायचा, नखाएवढा घेतल्यापासून तो त्रास गेला. पण धातूचा असल्यानं उन्हात चटका बसतो, काढताना रुमाल वापरतो.

फॉर्मॅट, टॅग, आकडे हे सगळं करायला मला मिळून तीन-चार रविवार गेले असतील, कॅसेटचा वेळ सोडून. ज्याला रोज दहा मिनिटंच गाडी चालवायची आहे त्यानं एवढं करावं असं मी म्हणणार नाही, त्याला ब्लूटूथ पुरे. ज्यांच्याकडे घरातले आवाज आहेत, ज्यांच्या कीर्तनाच्या, भजनाच्या, लग्नातल्या हळदीच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंग फोनमध्ये पडून आहेत, त्यांनी मात्र जरूर करावं.

ओव्या आता मायनं सांगितलेल्या क्रमानं लागतात. तिनं दोन खेपा कान देऊन ऐकलं, मी गाडी कडेला थांबवून वहीत लिहून घेतलं. तिच्या हिशेबानं चौदाव्या जागेची एक ओवी यात नाहीच, मावशी त्या दिवशी विसरली असावी किंवा पाठवायची राहिली असावी. मावसबहिणीकडेही ती नाही. मायला ती पाठ आहे. म्हणून फाइलींचे आकडे तेरानंतर एकदम पंधरा असे ठेवलेत. परवा रविवारी पंखा बंद करून, दार लावून मायच्या आवाजात ती रेकॉर्ड करायची आहे. मग सगळा फोल्डर पुसून पुन्हा एकपासून बत्तीसपर्यंत भरीन, नाहीतर नवी ओवी शेवटी जाऊन बसेल.